ह आणि क्ष यांच्या मधली जागा

काका, आपला अक्षरांचा तक्ता अजून पाठवलेला नाही.

पाकीट तयार आहे. कमिटीचा पत्ता टाइप केलाय, वर तिकिटंही चिकटवलीत. आत फक्त तो एक कागद जायचा राहिलाय. ब्रॅकनेलच्या माझ्या किचनमध्ये टोस्टरच्या मागे ते पाकीट उभं आहे, येता-जाता दिसतं. अजित आधी रोज विचारायचा, पोस्टात टाकू का म्हणून. आता नवरा असूनही घाबरून विचारत नाही. आणि घोडं कुठे अडलंय ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्याच एका रिकाम्या जागेवर. ठेवायची की काढायची, यावर इतकी वर्षं आपण भांडलो, आणि भांडण असं अर्धवट टाकून तुम्ही सरळ निघून गेलात.

असं कुणी करतं का हो? आता मी काय म्हणायचं, की मी जिंकले? समोर कुणीच नाही आणि मी जिंकले? राग येतो मला तुमचा. खरंच येतो, आणि तो कुणावर काढावा कळत नाही. काकूंवर तर काढता येत नाही. त्या बिचाऱ्या अजून दोन माणसांचा चहा टाकतात.

तुमच्या जलदान विधीच्या दिवशी त्याच म्हणाल्या, मीना, तू दोन शब्द बोल, तू त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त बसलीस. मी उभी राहिले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता खाली बसले. वाद घालायला एवढी तरबेज मी, आणि ऐन वेळी तोंडाला कुलूप. म्हणून हे लिहायला बसलेय.

आपली ओळख झाली ती स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमात. पुढे ज्या ऑक्टोबरात वादळ आलं आणि रस्तोरस्ती झाडं आडवी झाली, त्याच वर्षीची गोष्ट. मी लग्न होऊन ठाण्याहून इंग्लंडात नवीनच आलेले. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत वेअरहाउसचे प्रोग्रॅम लिहायचे, कुठल्या रॅकवर किती पंप शिल्लक आहेत वगैरे. ऑफिसात दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर 'मॉर्निंग' एवढंच. आणि तुम्ही चहाच्या टाकीपाशी उभे, हातात प्लॅस्टिकचा कप, अंगात शाळेत गणित शिकवायला जायचं तेच तपकिरी जाकीट. म्हणालात, "जय भीम. तू ती कॉम्प्युटरवाली ना? कॉम्प्युटरला क कळतो का?"

मी म्हटलं नाही कळत, त्याला फक्त नंबर कळतो. प्रत्येक अक्षराला एकेक नंबर ठरवून दिला तर अक्षर ओळखल्यासारखं करतो, इतकंच. तुम्ही म्हणालात, मग देऊ की नंबर, त्यात काय. जसं काही भाजी आणायला जायचं होतं.

पुढच्या रविवारी मी तुमच्या घरी हजर. मला वाटलं मराठीचं काहीतरी करायचंय. तुम्ही टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा ठेवलात आणि मी बघतच राहिले. लंडनच्या एका लायब्ररीतल्या प्रार्थनेच्या पोथीची पानं होती ती. अक्षरं अशी की लांबून देवनागरी वाटावीत आणि जवळ गेलं की एकही ओळखू येऊ नये. सोयोम्बो, तुम्ही म्हणालात. सतराव्या शतकातल्या एका मंगोल लामानं घडवलेली लिपी. नाव आपल्याच स्वयंभू शब्दावरून आलेलं. त्याला मंगोल भाषा लिहायची होती, तिबेटीही, आणि संस्कृत मंत्रही, म्हणून त्यानं अक्षरं लावली ती क ख ग घ अशी. पुढे ती लिपी मागे पडली, वाचणारी माणसं संपत आली. तुम्ही एकट्यानं, शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर, ती शिकला होतात. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणालात, बुद्धाचा शब्द आपल्याकडून एवढ्या लांब गेला आणि कुणीतरी त्याच्यासाठी नवीन अक्षरं केली, ती बघायला नकोत का?

मी तेव्हा तुम्हाला चिडवलं होतं की एवढे पक्के बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेले, आणि नाव मात्र शंकर. तुम्ही हसून म्हणालात, आईनं ठेवलंय, बदललं तर ती हाक कुणाला मारणार? आई जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. मला ते नंतर काकूंकडून कळलं.

त्याच दुपारी आपण नंबर दिले आणि त्याच दुपारी ती चूक केली. शाळेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर तुम्ही घरी आणला होता, त्याच्यासमोर मी बसले. तुम्ही अक्षर म्हणायचं, मी नंबर टाइप करायचा आणि 'हं' म्हणायचं. हं आल्याशिवाय पुढचं अक्षर नाही, ही तुमची पद्धत. मी म्हटलं, काका, मी टाइप करतेय ते तुम्हाला दिसतंय, मग हं कशाला? तुम्ही म्हणालात, हं पाहिजे. मास्तर माणूस, म्हटलं असेल काहीतरी खूळ. क. हं. ख. हं. असं करत करत श ष स ह झालं, आणि तुमची जीभ शाळेत पाठ केल्यासारखी सरळ पुढे गेली. ळ. हं. क्ष. हं. ज्ञ म्हणालात आणि लगेच हात वर केलात, हा काढ, हा त्यांच्यात नाही. मी काढला. ळ त्यांच्यात नाही हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? ह नंतर ळ येतो हे मराठी माणसाला काय सांगायला लागतं? तिथे दुसरं कुणी बसलं असतं, बंगाली म्हणा, हिंदीवाला म्हणा, तर ही चूक झालीच नसती. मग क्षच्या पुढे आपण त्यांची जास्तीची अक्षरं घातली, त्यांच्या काना-मात्रा घातल्या, शेवटच्या खुणा घातल्या, आणि काकूंनी केलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाऊन मी घरी गेले. त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा पोटभर बोलल्यासारखं वाटलं होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आत्ता सांगतेय, त्याचा काय उपयोग.

मग तुम्ही पानं टाइप करत सुटलात आणि मी सावकाश अक्षरांचे आकार काढत बसले, आलेखाच्या कागदावर ठिपके ठिपके भरून. पुष्कळ महिन्यांनी ह चा आकार पुरा झाला आणि पुढच्या नंबरवर आले. तुम्हाला फोन केला की काका, ळ कसा दिसतो?  मग तुम्ही असे हसत सुटलात की काकूंनी फोन हातातून घेतला आणि विचारलं, मीना, काय झालं ह्यांना?

तोपर्यंत तुमची ढीगभर पानं झाली होती. ती एक रिकामी जागा काढली असती तर पुढचा प्रत्येक नंबर एकानं सरकला असता आणि तुमच्या प्रत्येक ओळीतल्या काना-मात्रा बिघडल्या असत्या. पण त्याला इलाज होता. मी म्हटलं, छोटा प्रोग्रॅम लिहिते, सगळी पानं आपोआप दुरुस्त होतील. लिहिलाही. तुम्ही म्हणालात, राहू दे. मला वाटलं, एकदा डिस्क बिघडून तुमचं काम उडालं होतं, त्याची धास्ती असेल. म्हणून वर्षभर गप्प बसले. मग पुन्हा विषय काढला. राहू दे. त्यानंतर ते आपलं ठरूनच गेलं. तक्ता तपासायला बसलो की ह च्या पुढे तुम्ही मुद्दाम ळ म्हणायचं, भुवया उंचावून माझ्याकडे बघायचं, आणि मी म्हणायचं, नाही, पुढे. तिथे मी हं दिलं नाही. एकदाही नाही. अक्षरच नाही त्याला नंबर देणं म्हणजे रेशनकार्डावर भुताचं नाव घालणं, असं मी म्हणायची. तुम्हाला ते फार आवडायचं, आल्या-गेल्याला सांगायचात.

किती रविवार गेले असे. शाळेच्या त्या डबड्याच्या जागी चांगला कॉम्प्युटर आला, टरटर करणारा प्रिंटर आला, तुमची स्मिता शाळेतून युनिव्हर्सिटीत गेली. त्या लिपीत दोन वेगवेगळे च आहेत, एक चमच्यातला आणि एक चिमणीतला, हे दाखवताना तुमचा चेहरा कसा झाला होता ते मला दिसतं. आपण बोलतो दोन आणि लिहितो एक, आणि त्या लामानं दोन केले, असं म्हणून तुम्ही टेबलावर थाप मारली होती. मी पंप मोजणारी बाई. मला असल्या गोष्टींचा आनंद होऊ शकतो हे तुमच्यामुळे कळलं.

मग जगातल्या सगळ्या लिप्यांना कायमचे नंबर देणारी ती कमिटी आली. त्यांनी कळवलं की तक्ता पाठवा, एकदा ठरलं की मग बदलता येणार नाही. कायमचं म्हटल्यावर मला जोर चढला. आपण तक्ता घेऊन एडिनबराला गेलो, तिथल्या मंगोल भाषेच्या प्रोफेसरना दाखवायला. फार सभ्य म्हातारा. पानन् पान पाहिलं, तुमचा हात हातात घेऊन म्हणाला की असं काम मी पाहिलं नाही. मग बरोबर ह आणि क्ष यांच्यामध्ये बोट ठेवून विचारलं, इथे काय आहे? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खिडकीबाहेर पाहिलं. तुम्ही गंभीरपणे सांगितलंत की यावर आमची चर्चा चालू आहे.

परतीच्या ट्रेनमध्ये ती चर्चा सगळ्या डब्यानं ऐकली. मी म्हटलं, काका, आता हट्ट पुरे. मंगोलियातल्या पोरांनी उद्या कॉम्प्युटर उघडला तर त्यांच्या लिपीत आपलं भोक कशाला? पोथीत नाही ते घालायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही चपातीची गुंडाळी खात खात म्हणालात, जागा द्या म्हणून आम्ही जन्मभर भांडलो, आणि तू असलेली जागा काढ म्हणतेस. मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, चेष्टा नको, खरं कारण सांगा. तुम्ही चपातीचा कागद घडी करून खिशात ठेवलात. मग म्हणालात, "सांगेन. आज नको."

झालं. तेवढंच. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमची उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली.

स्मिताचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती कळेना. तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, मीनाताई, बाबा काहीच नाही बोलत, आईची नाव पण नाही बोलत, पण तो सगळा लेटर्स बोलते. तू ये. मी तशीच हॉस्पिटलला आले. तुम्ही उशांना टेकून बसला होतात, तोंड एका बाजूला गेलेलं. मी म्हटलं, काका. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, ओठ जुळवायला लागलात, कपाळावर घाम आला, आणि तोंडातून निघालं, क.

 तुम्ही थांबलात. बघत राहिलात. मग माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, हं. तुम्ही म्हणालात, ख.

वाचा परत शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या बाईंनी मला बाहेर नेऊन समजावलं. फार मायेनं समजावलं, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, बोलणं गेलेल्या माणसांना पाठ केलेलं म्हणता येतं, वार म्हणता येतात, आकडे म्हणता येतात, गाणीसुद्धा. ते बोलणं नसतं, सवय असते. त्यातून अर्थ काढू नका. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार होते, की सवय असेल तर थांबतात का? हं ची वाट का बघतात?

सगळं करून पाहिलं काका आम्ही. काकू विचारायच्या, पाणी हवं? क. पाठ दुखतेय? क. स्मितानं चित्रांची कार्डं आणली, तुम्ही ती बाजूला सारलीत. एकदा कुणी नसताना मी तुमचा चांगला हात धरून विचारलं, ती जागा ठेवू की काढू? ठेवायची असेल तर हात दाबा. तुम्ही हात दाबलात. मग विचारलं, काढू? तेव्हाही दाबलात. मग तुमचं तुम्हालाच कळलं असावं, कारण तुम्ही डोळे मिटलेत आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी मूर्खासारखी टिश्यू शोधत बसले. एवढं प्रोग्रॅमिंग करणारी मी, आणि एका माणसाच्या डोक्यातला एक शब्द मला बाहेर काढता येईना. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं आणि देव करो, पुन्हा न वाटो. देव म्हटलं, माफ करा.

शेवटच्या दिवशी तुम्ही दमला होतात, तरी सुरू केलंत. मी प्रत्येकाला हं देत गेले. नर्स आली, गेली. श ष स. ह. हं. मग तुम्ही म्हणालात, ळ.

आणि थांबलात. भुवया वर गेल्या का? मला वाटतं एक गेली, डावी. की मलाच तसं वाटलं? मी शपथेवर सांगू शकत नाही. 'नाही, पुढे' माझ्या अगदी ओठावर होतं. इतक्या वर्षांत तेच म्हणत आले होते. मी तुमच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, हं.

तुम्ही एक मोठा श्वास सोडलात आणि म्हणालात, क्ष. मग झोपलात. ते झोपेतच गेलात असं काकू म्हणतात, पहाटे.

मी मनाशी धरून चालले होते की ते उत्तर होतं. तुम्ही मला विचारलंत, मी हो म्हटलं, वाद मिटला, जागा राहिली. कमिटी काय म्हणेल ते म्हणो. असं ठरवून मी जलदान विधीला आले होते. सगळे गेल्यावर काकूंबरोबर कप विसळत होते, तेव्हा त्यांना ते सांगितलं. ळ चं सांगितलं, हं चं सांगितलं. त्या नळ बंद करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अगं, ते हं तर त्यांच्या आईचं. लहानपणी शाळेतून आले की चुलीपुढे बसून तिला अक्षरं म्हणून दाखवायचे. तिला एक अक्षर येत नव्हतं. पण भाकरी थापता थापता प्रत्येक अक्षराला हं म्हणायची, तिचं हं आलं की मगच पुढचं. ती गेल्यावर इतकी वर्षं कुणापुढे नाही म्हटली अक्षरं, तू येईपर्यंत.

मी ओला कप हातात धरून उभी. म्हणजे त्या पलंगावर तुम्ही कुणापुढे बसला होतात, काका? माझ्यापुढे की तिच्यापुढे? मला विचारत होतात, की तिला म्हणून दाखवत होतात? ट्रेनमध्ये 'सांगेन' म्हणालात ते हेच होतं का, की तिनं हं दिलेलं एक अक्षर तुम्हाला काढवत नव्हतं? की तसलं काहीच नव्हतं आणि हा माझाच खेळ चाललाय? त्या बाई म्हणाल्याच होत्या, अर्थ काढू नका. मी काढतेय, पुन्हा पुसतेय, पुन्हा काढतेय. तुम्ही असतात तर एका वाक्यात सांगितलं असतंत आणि वर हसला असतात.

आज रविवार आहे. दुपारी मी ती जागा काढली.

रागावू नका. ज्यांची लिपी आहे त्यांना ती जशी आहे तशी मिळायला हवी, हे तुम्हीच शिकवलंत, आणि ते खरं आहे, तुम्ही असलात तरी आणि नसलात तरी. तो जुना प्रोग्रॅम इतकी वर्षं तुमच्या होकाराची वाट बघत पडला होता. चालवला. तुमची सगळी पानं तपासली, एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. मी सांगितलं होतं ना, असं मोठ्यानं म्हणाले. किचनमध्ये कुणी नव्हतं. वर दोघांची नावं टाकली आहेत, तुमचं आधी.

पण म्हणून दाखवल्याशिवाय तक्ता घराबाहेर जायचा नाही, हाही तुमचाच नियम. अजित म्हणाला, मी म्हणू का हं? बिचारा बसला, चार-पाच अक्षरं म्हणालाही, पण त्याचं हं माझं अक्षर पुरं व्हायच्या आधीच यायचं. त्याला दूध आणायला पाठवलं. मग एकटीच उभी राहून म्हणायला लागले. अक्षर माझं आणि हं पण माझंच, कसंबसं चाललं होतं. श ष स झालं. ह झाला. कागदावर त्याच्या पुढे आता क्ष आहे, मीच आणून ठेवलेला.

तोंडातून ळ आला. आणि मी थांबले, काका. हं आल्याशिवाय पुढचं अक्षर नाही.